स्टूल न सोडणाऱ्या मॅडम

कॅम्प पाच या वस्तीतल्या आमच्या छोट्या हॉस्पिटलात भूल द्यायला येणाऱ्या मॅडम ऑपरेशन संपलं तरी पेशंटजवळचं स्टूल सोडत नाहीत. परवा बारवी धरणाकडचे एक काका पाठीवरचं गळू कापून झाल्यावर लगेच जागे झाले आणि “बाइकवरून निघतो” म्हणाले.

मॅडम म्हणाल्या, “काका, भुलीचं औषध मेंदूतून पटकन निघतं, म्हणून जाग येते. पण स्नायूंत, चरबीत ते अजून आहेच. थांबा जरा.”

काका चिडले. त्यांना जागं ठेवायला मॅडम त्यांच्या भातशेतीबद्दल विचारत राहिल्या. उत्तर देता देता काकांची मान कलली, श्वास अडकला. मी सिस्टर असूनही गडबडले. मॅडमनी शांतपणे त्यांची हनुवटी उचलली, घशात मागे पडलेली जीभ सुटली आणि श्वास पुन्हा सुरू झाला.

काकांना काहीच कळलं नाही. ते पुन्हा जागे झाले तेव्हा मॅडम स्टुलावरूनच त्यांना विचारत होत्या, “घरून कोणी न्यायला येईल ना?”