ताईचं लिव्हर आणि वॉचमनचं नाक

आमची ताई जन्मात दारूला शिवली नाही, आणि बोभाटा काय, तर पिऊन पिऊन हिचं लिव्हर गेलं! ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

ताई बिस्किटांच्या कारखान्याची बस चालवते. मी तिथेच पॅकिंगला. तिला टीबी झाला तेव्हा आईने दोघींना दम भरला, "कुठे बोललात तर याद राखा. तिच्या गाडीत कुत्रंसुद्धा चढणार नाही." मग काय, साधा खोकला म्हणून सांगत सुटलो. गोळ्यांनी लघवी लालसर होते, घाबरू नका, असं दवाखान्यात बजावलेलं. त्यामुळे लघवी काळपट झाली तरी ताई म्हणाली, "औषधाचाच रंग, चालायचंच." अन्न बघून ओकारी यायला लागली, डोळे पिवळेधमक झाले, तेव्हा कुठे धावलो. टीबीच्या औषधानेच लिव्हर सुजलं होतं. डॉक्टरीणबाईंनी सगळ्या गोळ्या तिथल्या तिथे थांबवल्या.

कारखान्यात लोकांनी लिव्हर एवढंच ऐकलं, बाकीचं पदरचं घातलं.

रक्ताचा रिपोर्ट सुधारला, आता हिच्यापासून कोणाला लागण नाही असं सांगून डॉक्टरीणबाईंनी कामाला परवानगी दिली. बसची किल्ली दिवसा गेटवर जमा असते. तर संध्याकाळी किल्ली देण्याआधी वॉचमन चक्क ताईचं तोंड हुंगायला लागला! साहेबांचा हुकूम म्हणे. ताई दातओठ खात सोसत होती. एकदा मात्र, सगळी पाळी बसपाशी उभी असताना, तिचा बांध फुटला.

"नीट हुंग! दारू नाही, टीबी आहे मला. त्याच्या औषधाने लिव्हर सुजलं."

वॉचमन असा मागे उडाला की स्टुलासकट आडवा व्हायचाच बाकी राहिला.

"अरे, रोज नाक खुपसत होतास ना? आता काय झालं? लागत नाही आता कोणाला. किल्ली दे!"

किल्ली मिळाली, पण बसमध्ये पुढची बाकं रिकामी. सगळे मागे कोंबून उभे. साहेब म्हणाले, "लोक बसत नसतील तर ड्रायव्हर बदलावा लागेल. उद्या बघतो."

घरी आईने कपाळावर हात मारून घेतला. "घातलंस सगळं पाण्यात! आणि त्या मेल्या गोळ्या परत सुरू करणार? नको गं, जीव घेतील तुझा."

"एकेक करून देणारेत, मधे मधे रक्त तपासून. पहिली उद्यापासून. गोळी घेणार आणि गाडीही चालवणार. लपूनछपून बरं व्हायला मी काय चोरी केलीये?"

आई तोंड फिरवून बसली. मला वाटलं, झालं, आता अबोला.

सकाळी बघते तर आई चपला घालून बसमध्ये, ताईच्या मागच्या पहिल्याच बाकावर! कारखान्याशी तिचा काडीचा संबंध नाही. थांब्यावर लोक चढले, तिला ओलांडून मागे निघाले. आईने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, ताईच्या तळहातावर गोळी ठेवली आणि बसभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "घे. सगळ्यांदेखत घे. आणि ज्यांना भीती वाटते त्यांनी खुशाल चालत यावं. गाडी माझी मुलगीच चालवणार."

ताईने गोळी गिळली. पॅकिंगमधल्या मावशी मागून कुरकुरत आल्या, "सरका हो जरा, गुडघे दुखतात माझे," आणि आईला खेटून बसल्या.