रसिलाबेनचे शेठ

उमरेठ मागे पडलं तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं, आणि रसिलाबेन खोटं न बोलता शेठबद्दल बोलत होत्या. हे काम चालण्यापेक्षा अवघड होतं, कारण शेठ नावाचा माणूस मुळात नव्हताच.

फागणच्या पुनमेसाठी, म्हणजे होळीच्या पौर्णिमेसाठी, आम्ही दोघी बडोद्याहून डाकोरला चालत निघालो होतो. उमरेठच्या मंडपात ताक पिताना कीर्तिभाई भेटले आणि मग त्यांनी आमची पाठ सोडली नाही. ते लग्नाच्या जेवणावळींची कंत्राटं घेतात, आणि घाईच्या एक-दोन कामांना त्यांना शेठचं नाही ऐकायला मिळालं होतं. वैशाखातल्या सगळ्या लग्नांचे खाखरे त्यांना रसिलाबेनकडेच द्यायचे होते. फक्त बोलणी शेठशी करायची होती.

रसिलाबेन आमच्या पोळातल्या, म्हणजे आमच्याच गल्लीतल्या. आई गेल्यावर त्यांनी मागच्या खोलीत खाखऱ्यांचा धंदा मांडला. कणीक मळणार त्या, लाटणार त्या, तव्यावर लाकडी दट्ट्याने दाबून कडक करणार त्या, आणि स्कूटरवरून पोचवणारही त्याच. ताप आला तर रजा स्वतःकडेच मागायची, आणि ती मिळायची नाही. एवढं सगळं एकटीला जमलं. जमलं नाही ते एकच, नाही म्हणणं. कोणी घरचेच आहोत म्हणून भाव पाडायचं, कोणी सकाळी येऊन संध्याकाळपर्यंत मेथीचे खाखरे हवेत म्हणायचं, आणि बाई हो म्हणून बसायच्या. एक दिवस तोंडातून निघून गेलं, शेठना विचारावं लागेल. समोरचा माणूस मुकाट्याने पायरी उतरला. आमच्याकडे बेनशी कोणीही हुज्जत घालतं, शेठशी घालत नाही.

तेव्हापासून शेठ वाढत गेले. रसिलाबेन सांगायच्या ते एवढंच, की शेठ नाही म्हणतात. बाकीचं पोळाने केलं. शेठ नडियादचे आहेत, शेठना दमा आहे, शेठ कडक पण मनाने चांगले. दिवाळीला शेठच्या नावाने मिठाईचे डबे यायला लागले. समोरच्या चंपाबेननी तर शेठ एकटेच आहेत का, अशी चौकशी केली. त्यांची नणंद लग्नाची होती. खरं काय ते मला ठाऊक होतं, कारण ती मिठाई संपवायला त्या मलाच बोलवायच्या.

अडचण अशी झाली की निघताना रसिलाबेन देवापुढे दिवा लावून बोलल्या होत्या, रणछोडरायांचं दर्शन होईपर्यंत खोटं बोलणार नाही. पुष्कळजण अनवाणी चालतात. यांना तळपायांची काळजी, म्हणून हा सोपा नेम शोधला. वाटेत खोटं बोलायची वेळ कशाला येतेय, असं त्यांना वाटलं.

कीर्तिभाईंनी विचारलं, शेठ आलेत का यात्रेला.

"आलेत की," रसिलाबेन म्हणाल्या. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्या रस्त्याकडे पाहत होत्या.

"गाडीने?"

"चालत. पाय सुजलेत त्यांचे."

कीर्तिभाई हळहळले. पिशवीतून मलमाची डबी काढून त्यांनी शेठना द्या म्हणून हातात ठेवली. पुढच्या लिंबाखाली बसून रसिलाबेन ते मलम स्वतःच्या पायांना चोळायला लागल्या. शेठसाठी थोडं ठेवा हं, असं कीर्तिभाईंनी अदबीने सुचवलं, तर म्हणाल्या, शेठ काही बोलायचे नाहीत.

मग शेठ स्वभावाने कसे, असं विचारणं झालं. हट्टी, सगळं स्वतःच करायला पाहिजे, आणि घाबरट, असं त्यांनी सांगितलं.

"शेठ घाबरट?" कीर्तिभाई हसायला लागले. "अहो बेन, मला स्पष्ट नाही कळवणारा बडोद्यात हा एकच माणूस. बाकीचे हो म्हणतात आणि लग्नाच्या दिवशी फोन बंद ठेवतात. म्हणून तर काम त्यांना द्यायचंय. आज देवळाच्या दारात गाठ घालून द्या. नाही घातलीत तर मी समजेन शेठना माझं काम नको. मग मी उमरेठवाल्यांना सांगून टाकतो."

एवढं बोलून ते झपाझप पुढे गेले.

मी म्हटलं, शेठ अचानक आजारी पडले असं मी सांगते, माझा काही नेम नाही. त्यांनी मान हलवली. दुसऱ्याकडून बोलवून घेतलेलं खोटं देव आपल्याच माथी मारतो म्हणाल्या. मला बरंच वाटलं, मलाही त्या सावळ्या मूर्तीपुढे तसं उभं राहायचं नव्हतं. मग खरं सांगून टाका, म्हटलं. तर म्हणे, ते हसतील, काम जाईल ते जाईल, आणि उद्यापासून सगळं पोळ पुन्हा घरचंच होऊन बसेल.

देवळाचं शिखर दिसलं. दारात कीर्तिभाई उभे होते, हातात गुलाबाचा जाडजूड हार. तो हार देवाचा नव्हता. ते शेठला शोधत गर्दीतल्या प्रत्येक जाड्या म्हाताऱ्याकडे पाहून नमस्कार करत होते, आणि दोघांनी तर उलट नमस्कारही केला.

रसिलाबेन थांबल्या. निऱ्या सारख्या केल्या, पदराने तोंड पुसलं.

"ताई, एक काम करा माझं," त्या म्हणाल्या. "तुम्ही पुढे व्हा आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणा, हे शेठ. मी तिथेच उभी राहीन, मान खाली घालणार नाही. पण स्वतःच स्वतःला शेठ म्हणायला माझी जीभ वळत नाही."