दादाच्या ताकातली लोखंडी पळी

दादा मुंबईची नोकरी सोडून घरी आला तेव्हा बोटांचे सांधे दुखतात, सारखा थकवा येतो, म्हणायचा. आईने लगेच निदान केलं, "त्याच्या आंगात रगत न्हाय." मग काय! बोर्लीहून कलेजी, दिघीच्या खाडीतल्या तिसऱ्या-शिंपल्या, आणि रोज लोखंडी पळी लालबुंद तापवून त्याच्या ताकात चर्रकन बुडवायची. मी शेजारच्या गावात सासरी. आईचं दुखलंखुपलं बघायला रोज येणारी मीच. मला साधं ताक. माझा नुसता जळफळाट व्हायचा. पन्नाशीला टेकलेल्या बाईने ताकावरून जळावं, याची लाज वाटायची ती वेगळीच.

वर्षभरात दादा काळवंडला. ऊन लागलं, आई म्हणाली. डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं आणि कपाळाला हात लावला. त्याच्या अंगात लोह कमी नव्हतंच. भलतंच जास्त होतं, यकृतात साचून बसलेलं. जास्तीचं लोह शरीराला बाहेर टाकता येत नाही. आत किती घ्यायचं एवढंच काय ते हातात, आणि 'आता पुरे' हा निरोप यकृत धाडतं. दादाच्या यकृताचा निरोप जातच नव्हता. दोष जनुकातला. बिघडलेली एक प्रत आईकडून आली, दुसरी वडिलांकडून. एकच आली असती तर बहुधा निभावलं असतं. आता साचलेलं लोह उतरावं म्हणून दर आठवड्याला पिशवीभर रक्त काढायचं. आईने रडून घेतलं, पळी माळ्यावर टाकली आणि दादाला आणखीच जपू लागली. खरं सांगते, मला त्याच्या आजाराचाही हेवा वाटला.

सख्ख्या बहिणीनेही तपासून घ्यावं, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. माझ्याही दोन्ही प्रती बिघडलेल्या निघाल्या.

"तुम्हाला आजवर पाळीने वाचवलं. दर महिन्याला थोडं लोह बाहेर जात होतं."

त्याच चार दिवसांत आई मला पडवीत बसवायची आणि दादाला आत पाटावर वाढायची. तेव्हाही मी त्याच्यावर जळत असे. आता पाळी थांबून वर्ष झालं होतं आणि माझ्याही यकृतात लोह साचू लागलं होतं.

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. पाठीवरून हात फिरवेल म्हणून मी अगदी तिला खेटून बसले.

"दादाला सांगू नको हां," ती म्हणाली. "जिवाला लावून घेईल त्यो."