चिवराचा रंग

मंडळी, आज मेडशीला माझ्या संग्रहासाठी एक चित्र विकत घ्यायला गेलो होतो. चित्र आणलं नाही. नखात रंग मात्र आलाय, तो धुवावासा वाटत नाहीये.

सत्तरच्या दशकातला, पत्र्यावर ऑइलपेंटनं काढलेला बुद्ध. तो ज्यांच्या घरी आहे, त्या गयाबाईंच्या यजमानांनी काढलेला. ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. आता ते नाहीत.

जवळून पाहिलं. डोळे अप्रतिम! पण अंगावरच्या चिवरावर नव्या रंगाचे थरच थर. मी चिडूनच म्हणालो, "बाई, मूळ काम झाकून टाकलंत. याची किंमत उतरली ना!"

गयाबाई हसल्या. "हे होते तवा दर बुद्धपौर्णिमेले चिवर रंगवत. आता आमी सारे मिळून रंगवतो. लेकी, सुना, नाती. डोये मात्र यायच्याच हातचे हायेत. त्यायले कोनी हात नाई लावत."

मग रंगाचा डबा माझ्यापुढं सरकवला. "आज पौर्णिमाच हाय. तुमीबी एक हात फिरवा, भाऊ."

घरी माझ्या चित्रांना मी कुणाला बोट लावू देत नाही. तिथं मात्र ब्रश धरला आणि चिवरावर एक हात फिरवला.

आत्ता माझ्या भिंतीसमोर बसलोय. सगळी चित्रं काचेमागं, जशीच्या तशी. तुमच्या घरात आहे का असं काही, ज्याला अजून सगळ्यांचे हात लागतात?