कापलेल्या फिल्मचे टोक

कुमुदबाई वैरागडे यांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या शिकवत नव्हत्या, टेबलावर वाकून ब्लेडने फिल्म कापत होत्या. मी कामठीच्या यंत्रमागांवरचा मेकॅनिक. मालकांनी जर्मन माग आणला, त्याची पुस्तिकाही जर्मन, म्हणून नागपूरला बाईंच्या संध्याकाळच्या जर्मन वर्गात नाव घालायला गेलो होतो. हात स्वच्छ आहेत का, असे बाईंनी मान वर न करताच विचारले. नाहीत, म्हणालो. "मग धुऊन या आणि हे टोक धरा," त्या म्हणाल्या. माझा पहिला धडा तो.

त्या काळी आमच्याकडे परकी भाषा म्हणजे पाठांतर. बाईंनी मात्र कुठून तरी एक जुना प्रोजेक्टर आणि दोन-दोन मिनिटांच्या काही फिल्म मिळवल्या होत्या. भिंतीवर घरची चादर लावायच्या. आधी आवाज बंद ठेवून चित्र दाखवत आणि माणसे काय बोलत असतील ते आम्हाला विचारत. मग आवाजासकट. तिसऱ्यांदा पुन्हा आवाज बंद, आणि पडद्यावरच्या माणसांच्या वतीने आम्ही बोलायचे. चुकलो तर फिल्म मागे घेत. रागावल्याचे मला आठवत नाही. आमची लाडकी फिल्म पावाच्या दुकानातली. एक बाई येते, पाव मागते, पिशवी घेते आणि वळून निघून जाते. ती आमच्या अंगात इतकी भिनली होती की चालही तिच्यासारखी झाली असावी.

पुढे जर्मनीतल्या माग बनवणाऱ्या कारखान्यात वर्षभर शिकायला जाण्यासाठी एक जागा निघाली. मला ती जिवापाड हवी होती. दुसऱ्याने उघडलेले यंत्र पुसण्यातच जन्म जाईल, ही भीती होती. परीक्षेच्या सकाळी वडील म्हणाले, "घाबरून काहून राहिला गा? तुले येते ना सारं."

येत होतेच. जर्मनीहून आलेले परीक्षक दुकानदार झाले, मी पाव मागितला, त्यांनी खोटी पिशवी पुढे केली. मी ती घेतली आणि वळून खोलीबाहेर निघून आलो. माझ्यामागून बाईंचे आणखी तीन विद्यार्थी गेले, तेही अगदी तसेच बाहेर आले. त्या परीक्षक साहेबांनी बाईंना सांगितले, की भाषा चांगली आहे, पण ही माणसे आभार मानत नाहीत, निरोप घेत नाहीत. इतक्या उद्धट माणसांपैकी कोणालाच नेता येणार नाही.

बाईंचा चेहरा उतरला. काय झाले ते त्यांच्या लगेच ध्यानात आले होते. फिल्मचे शेवटचे टोक मागेच जळले होते आणि त्यांनीच ते कापून टाकले होते. आभार आणि निरोप त्या टोकात होते.

त्याच संध्याकाळी प्रोजेक्टर सायकलरिक्षात घालून आम्ही दोघे साहेबांच्या मुक्कामी गेलो. बाईंनी फिल्म दाखवली. मग पर्समधून तपकिरीची डबी काढून तिच्यात जपलेला तो जळका तुकडा त्यांच्यापुढे ठेवला. त्या काहीच फेकत नसत. "चूक यांची नाही, माझ्या ब्लेडची आहे," त्या जर्मनमध्ये म्हणाल्या. "नापास करायचे तर मला करा." मला शब्दन् शब्द कळला आणि मी खाली बघत राहिलो. साहेबांनी तो तुकडा दिव्यासमोर धरून बराच वेळ पाहिला. दुसऱ्या दिवशी आम्हा चौघांना पुन्हा बोलावणे आले, आणि ती जागा मला मिळाली.

तिथे पोचल्यावर पहिल्याच सकाळी पाव आणायला गेलो. पिशवी हातात आली, पाय सवयीने वळले. थांबलो, दोन्ही शब्द म्हणालो आणि मला रडू आले. दुकानदारीण बिचारी गोंधळून गेली.

परतल्यावर बाईंचे आभार मानायला गेलो, तर त्यांनी वाक्य पुरे होऊ दिले नाही. "लई मोठे साहेब होऊन आले तुम्ही. बसा, चहा घ्या." ते वाक्य राहिले ते राहिलेच.

आज बाईंची साठी होते आहे. त्यांचे डोळे असेच तेज राहोत, हात न थरथरता फिल्म जोडत राहोत आणि पंचाहत्तरीला ती चादर मलाच लावायला मिळो. या गौरव अंकाच्या संपादकांना एकच विनंती: जागा कमी पडली तर हा लेख कुठूनही कापा, पण शेवटचे टोक तेवढे राहू द्या.

दांके, बाई. औफ वीडरझेन. आभार, आणि पुन्हा भेटेपर्यंत.