खालचा सूर

गाण्याच्या क्लासात तंबोरा घसरत होता म्हणून मी धरला. सरांनी गाणं थांबवलं. आत हाक मारली, "अगं, ओलं फडकं आण." बायकोनं आणून दिलं. सरांनी माझ्यादेखत तंबोरा पुसला. खुंट्यांपासून भोपळ्यापर्यंत. मग हसून म्हणाले, "धूळ फार बसते हो नगरला."

बाकीच्या मुली रोज हात लावायच्या. तेव्हा धूळ बसत नव्हती.

मी राजूरची. नगरला नर्सिंग शिकायला आलेले. संध्याकाळी गाण्याचा क्लास. पहिल्या दिवशी सरांनी आडनाव विचारलं. मग गाव. मग गावात घर कुठल्या बाजूला. उत्तर ऐकून "बरं, बरं" म्हणाले आणि मला दारापाशी बसवलं. चपलांशेजारी.

तरी जात राहिले. शिकायचं होतं. ओठ मिटून गुणगुणायचं, नाकाच्या हाडात झिणझिण्या येईपर्यंत. ओठ सैल सोडून फुर्रर्र करत सूर खालून वर न्यायचा, परत खाली आणायचा. जबडा ढिला. छातीवर तळवा ठेवून खर्ज, सगळ्यात खालचा सूर, लावायचा, कंप हाताला लागला पाहिजे. ताणायचं नाही. दुखलं की थांबायचं. हॉस्टेलच्या गच्चीवर पहाटे करायचे. जिथं नुसती हवा निघायची तिथं सूर लागायला लागला. भरीव. आई फोनवर म्हणाली, "तुजा आवाज लई भरलाय गं. घागरीतून बोलल्यावानी."

सर म्हणाले, "तुमच्या लोकांचा गळा असतोच रांगडा." कौतुक म्हणून बोलले. मुली हसल्या. त्या कौतुकाची मला किळस आली.

मग वार्षिक कार्यक्रम आला. सरांची पुतणी मुख्य गाणार होती. तिला खालचे सूर लागायचे नाहीत. सरांनी मला बाजूला घेतलं. "तू पडद्यामागे बस. माईक देतो. ती खाली आली की सूर तू धर. कुणाला कळणार नाही."

"आन् मी समोर कवा गाऊ?"

"समोर नगरची मोठी माणसं असतात. तू समजूतदार आहेस."

तालमीला खरंच पडद्यामागे बसवलं. कापडाला कुबट वास. ओळ खाली उतरली, पुतणीचा आवाज विझला. सरांनी पडद्यात डोकं घातलं.

"धर ना सूर!"

सूर गळ्यात तयार होता. मी तोंड मिटलं.

"अगं, धर!"

"न्हाई. माझ्या हातानं तुमचा तंबोरा बाटतो. मग गळा कसा चालतो माझा?"

पेटी थांबली. पुतणी खाली बघत राहिली. सर म्हणाले, "यांना जवळ केलं की हे असं."

एवढ्या दिवसांत ते पहिल्यांदा खरं बोलले. मी चपला घातल्या आणि निघाले.

आता मी राजूरला दवाखान्यात नर्स आहे. रविवारी वस्तीतल्या पोरी घरी येतात. फुर्रर्र करताना आधी खिदळतात, मग आवाज लागतो. परवा सरांचा निरोप आला. कार्यक्रमात खालच्या सुराला कुणी नाही. ये, या वेळी समोर बसवतो, जुनं विसरून जा.

विसरणार नाही. मला आलेली किळस अजून तशीच आहे. ती मला पाहिजे. ती गेली की मी पुन्हा कुणाच्या तरी उपकारानं गायला बसेन. पोरींना घेऊन मी इथंच, भर बाजारात, फळ्या टाकून गाणार आहे. सरांना ऐकायचं असेल तर त्यांनी राजूरला यावं. गर्दीत उभं राहून ऐकावं.