एक जूनची माणसं

"नाव मागून सांगा. आधी गाव सांगा."

फोन उचलला की मामांचं पहिलं वाक्य हेच. आयुष्य एसटीच्या कंडक्टरकीत गेलेलं. गाव कळल्याशिवाय त्यांना माणूस दिसायचाच नाही. गाव सांगितलं की ते डोळे मिटायचे, अंगठा बोटांवर फिरवायचे आणि म्हणायचे, "हां, शाळेच्या पुढचं घर. बोला."

असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आपण त्याला हसतो आणि काम अडलं की त्यालाच शोधतो.

जालन्यात आमचं रक्तदात्यांचं मंडळ होतं. सभासद जिल्हाभर. कोणाला रक्त लागलं की फोन यायचा आणि मामा त्या भागातला सभासद गाठून द्यायचे. निवृत्त झाल्यापासून रोज अकराला ऑफिसात हजर, पगार ना पाणी. वेबसाइट मी सांभाळायचो. वडील गवंड्याच्या हाताखाली राबलेले; घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. कॉम्प्युटरची पदवी होती आणि ती मी कोणाला विसरू देत नव्हतो.

साइट जुनी झाली होती. एक नाव बदलायचं तर अख्खं पान उघडून लिहावं लागे. मी नवी प्रणाली बसवायला घेतली. गाव आणि रक्तगट टाकला की यादी समोर. जुनी नावं तिच्यात घेतली तेव्हा पडद्यावर विचारणा आली: काही सभासद दोनदा नोंदलेले दिसतात, नाव आणि जन्मतारीख एकच आहे, एकत्र करायचे का?

मामा शेजारीच होते. "वाचून दाखव बरं एकेक."

"मामा, शंभराच्या वर हैत. रविवारी उद्घाटन आहे."

"मी बसतो की. मला कुठली ड्युटी हाय आता?"

"एकच नाव, एकच जन्मतारीख. दोन माणसं कशी असतील? मशीन चुकत नसतं."

"बराबर हाय. तू शिकलेला हायस," मामा म्हणाले आणि चहा सांगायला गेले. टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं झालं असतं.

मी 'हो' दाबलं.

आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. शाळेत नाव घालताना आईबापाला तारीख सांगता आली नाही की गुरुजी एक जून लिहून मोकळे व्हायचे. गावंच्या गावं कागदावर एक जूनला जन्मलेली. माझ्या दाखल्यावरही तीच तारीख. हे मला कोणी शिकवायला नको होतं.

उद्घाटन झालं. सगळ्यात जास्त टाळ्या मामांनी वाजवल्या.

पुढच्याच आठवड्यात सकाळी नऊला फोन आला. अंबड तालुक्यातला माणूस. बायको बाळंत झालेली, रक्त थांबत नव्हतं, जालन्याला दवाखान्यात आणलेली. ओ निगेटिव्ह पाहिजे. "जल्दी बघा साहेब."

मी नव्या साइटवर शोधलं. शहरात दोघे. एकानं नुकतंच रक्त दिलेलं, दुसरा पुण्याला गेलेला. बाकी जिल्ह्यात एकही नाही. मग इकडंतिकडं फोन करत बसलो. अकराला मामा आले.

"ओ निगेटिव्ह? घनसावंगीचा भगवान खरात हाय ना."

पडद्यावर भगवान खरात एकच होता. जाफराबादचा. बी पॉझिटिव्ह.

"त्यो येगळा. त्यो मास्तर हाय. ह्यो उसाच्या ट्रॅक्टरवर असतो." मामांनी कपाटातून दोन जुने अर्ज काढले. दोन खरात, दोन गावं. जन्मतारीख दोघांची एक जून, सालही एकच.

फोन लागला. खरात हातातलं काम टाकून मिळेल त्या जीपनं निघाला. दीड वाजता दवाखान्यात पोचला. अर्ध्या तासापूर्वी बाईला औरंगाबादला हलवलं होतं. मी गेलो तेव्हा व्हरांड्यात तो बाही वर सरकवून उभा होता. "मंग आता काय करू?" त्यानं मला विचारलं.

नऊला फोन गेला असता तर साडेअकराला तो तिथं असता.

मी ऑफिसला जायचं सोडलं. पंधरा दिवसांनी मामा घरी आले. चप्पल काढायच्या आधीच म्हणाले, "बाई बरी हाय. मी तिच्या गावाला जाऊन आल्तो. चल, लय नावं सोडवायची हैत."

महिनाभर आम्ही नावं सोडवली. ते अर्ज वाचायचे, मी माणसं वेगळी करायचो. "ह्यो पायानं अधू हाय, ह्याला जिना चढायला लावू नका. ह्यो मिशा पिळतो पण सुईला भितो. ह्याच्यासंगं बोलत बसायचं." मी तेही साइटवर लिहून घेतलं.

दीडेक वर्षानं एकदा मी विचारलं, "त्या बाईचं बाळ कसं आहे हो?"

"पळाय लागलंय. लय खोडकर हाय."

त्या शब्दांवर मी काही वर्षं नीट झोपलो. मग एक दिवस मामा गेले.

तेराव्याला त्यांच्या दारात एक माणूस चार-पाच वर्षांच्या मुलीला घेऊन आला. मंडपात माझ्या शेजारी टेकला. मी त्याला ओळखलं नाही. "मामा दर दिवाळीला हिला कपडे घेऊन यायचे," तो म्हणाला. "हिची आई गेली तवापासून."

"कधी गेली?"

"ही झाली त्याच दिवशी. जालन्याहून औरंगाबादला नेता नेता, गाडीतच. रक्त न्हाई भेटलं." त्यानं मुलीच्या फ्रॉकचं बटण लावलं. "मामा म्हणायचे, कोणाची चूक न्हाई. त्या रक्ताचा माणूसच न्हवता जिल्ह्यात."

मुलगी पत्रावळीवरची बुंदी एकेक दाणा वेचून खात होती.

"तुम्ही त्या मंडळातलेच न्हाई का?" त्यानं माझ्याकडं पाहिलं. "खरंच न्हवता का हो?"

मामा असते तर मधेच काहीतरी बोलले असते.

"होता," मी म्हणालो.